जोड नसलेलं कडं

वाकडच्या एका मॉलच्या पार्किंगमध्ये सिक्युरिटीवाल्याने सरांना हटकलं, तेव्हा सरांचा उजवा अंगठा एका परक्या गाडीच्या दारात होता.

ती गाडी ज्यांची, ते कुटुंब मागे डिकीतून बाळाची ढकलगाडी काढण्यात गुंतलं होतं. पुढचं दार उघडंच राहिलं होतं. सर वाकून दाराच्या कडेचं काळं रबर दाबून बघत होते, आणि मधूनच नाक जवळ नेऊन त्याचा वास घेत होते. कंपनीतल्या एकाच्या लग्नाचा आहेर घ्यायला आम्ही दोघं गेलो होतो. मी हातात पिशव्या घेऊन, आपली यांची ओळख नाही असा चेहरा करून उभी होते.

"ओ काका, काय चाललंय?" सिक्युरिटीवाला म्हणाला.

"तपासतोय."

"गाडी तुमची आहे का?"

"गाडी नाही," सर सावकाश सरळ झाले, "रबर माझं आहे."

तेवढ्यात गाडीचा मालक आला. सरांनी त्यालाच फैलावर घेतलं. "दार आपटून लावता ना तुम्ही? कडेला दिसतंय मला. आपटायची काही गरज नाही. नुसतं लोटलं तरी बसेल असं केलंय मी ते." तो बिचारा "सॉरी" म्हणाला. सिक्युरिटीवाल्याला काय करावं कळेना. सर रुमालाला अंगठा पुसत माझ्याकडे आले आणि म्हणाले, "बघितलंस? इतकी वर्षं झाली गाडीला, अजून मऊ आहे. महाराष्ट्रात माझ्यासारखा रबराचा माणूस दुसरा नाही."

हे वाक्य ते आठवड्यातून एकदा तरी म्हणायचे. एकदा मी विचारलं, "आणि महाराष्ट्राबाहेर?" त्यावर ते प्रामाणिकपणे म्हणाले, "बाहेरचं मला माहीत नाही. मी गेलोय कुठे?"

आमची कंपनी चाकणला, नाशिक हायवेवरून आत वळल्यावर, दोन मोठ्या कारखान्यांच्या मधल्या बोळात होती. गाड्यांच्या दारांच्या पट्ट्या, काचांच्या कडा, इंजिनाच्या नळ्या, असं रबराचं सगळं तिथे व्हायचं. सर तांत्रिक विभागाचे प्रमुख. मी लातूरहून पॉलिमरची डिग्री घेऊन आले होते आणि थेरगावात डांगे चौकाजवळ मैत्रिणींबरोबर राहून कंपनीच्या बसने ये-जा करत होते. माझी मुलाखत सरांनीच घेतली. प्रमाणपत्रांकडे त्यांनी बघितलंही नाही. खिशातून काळ्या रबराचा एक तुकडा काढून माझ्यासमोर धरला आणि म्हणाले, "चाव."

"सर, कडकपणा मोजायचं मशीन असतं ना?"

"आहे की. लॅबमध्ये आहे. मशीन नंतर, आधी दात."

मी चावलं.

"कसं आहे?"

"कडू आहे, सर."

"कडू नाही, कच्चं आहे. पूर्ण भाजलेलं रबर दाताला परत ढकलतं. याने ढकललं का?"

"नाही."

"मग तसं सांगायचं. सोमवारी ये. आणि घरी सांगू नकोस मुलाखतीत काय खाल्लंस ते."

सरांचं पाण्याशी वैर होतं. गळणारा नळ दिसला की त्यांना पुढचं काही सुचायचं नाही. शर्टाच्या खिशात पेनाशेजारी रबराच्या चकत्या कायम असायच्या. कुणाच्याही घरी गेले तर आधी मोरीत डोकावून यायचे. मघाशी म्हटलेल्या त्या लग्नात जेवणाच्या पंगती बसल्या आणि सर कुठे दिसेनात. मी शोधायला गेले, तर ते हात धुवायच्या जागी बाह्या सरसावून मंगल कार्यालयाचे नळ एकेक करून दुरुस्त करत होते. नवरा-नवरी पाया पडायला आली ती तिथेच. सरांनी ओल्या हाताने आशीर्वाद दिला आणि नवऱ्या मुलाला म्हणाले, "जरा तो पान्हा दे."

पाण्याखालोखाल राग होता तो जोडाचा. रबराची पट्टी गोल करायची म्हणजे तिची दोन टोकं चिकटवायची, हे साधं काम जगभर चालतं. आमच्याकडेही चालायचं. पण सरांना ते मनापासून आवडत नसे. "जोड म्हणजे माणसाने कबूल केलेला आळस," असं ते म्हणायचे. लहान कडी ते साच्यातून अखंड काढत. मोठ्या कड्याला जोड द्यावाच लागला, तर त्या दिवशी जेवणात त्यांचं लक्ष नसायचं.

अशा माणसाकडे ते काम आलं.

मापं आणि आकडे मी सांगणार नाही. मला ते आठवत नाहीत असंच समजा. वर्तमानपत्रांत जेवढं छापून आलंय तेवढंच सांगते. पाणबुडीतून सुटणाऱ्या क्षेपणास्त्रांचं एक घराणं आपल्या देशात तयार झालेलं आहे. 'के' या अक्षराने त्यांची नावं सुरू होतात. त्यातलं लहान आधी आलं, मग त्याहून लांब जाणारं मोठं आलं, आणि त्याहूनही मोठी पुढे घडवली जातायत. ती पाणबुडीच्या पोटात उभ्या नळ्यांमध्ये राहतात. सोडायची वेळ आली की नळीचं वरचं झाकण पाण्याखालीच उघडतं. समुद्र तिथे दारातच उभा असतो. त्याला आत येऊ न देणारा एक पातळ पडदा झाकणाखाली असतो, आणि त्या पडद्याच्या भोवती रबराचं कडं असतं. खालून वायूचा जोर बसला की क्षेपणास्त्र पडदा फोडून वर जातं, पाण्याबाहेर येतं आणि मग पेट घेतं. त्या क्षणापर्यंत नळीच्या आत पाण्याचा थेंब जाता कामा नये. एवढ्या मोठ्या कारभारात आमच्या वाट्याला आलं ते कडं.

लहान क्षेपणास्त्राचं कडं सरांनी माझ्या येण्याआधीच करून दिलं होतं. ते आमच्या मोठ्या प्रेसमध्ये, म्हणजे रबर दाबून भाजायच्या यंत्रात, बसायचं, त्यामुळे अखंड निघायचं. मी आले तेव्हा मोठ्याच्या कड्याचं काम सुरू होत होतं. आम्ही सगळ्यांनी गुप्ततेच्या कागदांवर सह्या केल्या होत्या. कारखान्यात क्षेपणास्त्र हा शब्द उच्चारायचा नव्हता, नावं घ्यायची नव्हती. पण बोलल्याशिवाय काम कसं होणार? मग सरांनी उंचीप्रमाणे नावं ठेवून टाकली. लहान तो धाकटा, हा नवा मधला, आणि ज्याचं अजून काहीच आलं नव्हतं तो थोरला. नळीला खोली म्हणायचो, आणि कॅन्टीनमध्ये जेवताना आमचं बोलणं चालायचं.

"धाकट्याचं बरं आहे, तिघं तिघं एका खोलीत राहतात," सर म्हणायचे. "मधला अंगाने थोराड. एकटाच खोली अडवतो."

"पण पोच किती आहे त्याची, सर."

"पोच आहेच. लांबचा आहे तो. दिवसेंदिवस पाण्याखाली राहायचं, आणि एका शब्दावर निघायचं. थोरला काय करतो बघू."

आमच्या शेडची जागा ज्यांची होती, ते आबा रोज दुपारी कॅन्टीनमध्ये चहाला येत. मूळचे तिथल्याच गावचे. बरीच जमीन कारखान्यांखाली गेलेली, राहिलेल्यात कांदा आणि बटाटा. पांढरं धोतर, टोपी, आणि दाराशी मोठी चकचकीत गाडी. आमच्या शेजारच्या बाकावर बसून ते हे सगळं महिनोन् महिने ऐकत होते. एक दिवस ते सरांजवळ सरकले.

"सर, येक इचारू का? राग न्हाई ना यायचा?"

"विचारा की, आबा."

"तुमच्या त्या मधल्या पुतण्याचं कुठं जमलंय का?"

सरांचा घास हातातच राहिला. सर स्वतः अविवाहित, त्यांना भाऊच नव्हता तर पुतण्या कुठला.

"न्हाई, आमच्या भावाची नात हाय. शिकल्याली हाय, हिंजवडीला नोकरी करती. म्हटलं पोरगा सरकारी नोकरीत दिसतोय, नेव्हीत असंल. अंगापिंडानं बरा हाय म्हणताय. पत्रिका काढू का?"

मी ताटात तोंड घातलं. शेजारी प्रेसवरचे मामा होते, त्यांना ठसका लागला. सर मात्र गंभीर.

"आबा, तो लग्नाचा नाही."

"का बरं? काय खोट हाय का?"

"खोट?" सरांचा आवाज चढला. आपल्या कामात खोट म्हटलेलं त्यांना कुठल्याच अर्थाने सहन होत नसे. "त्याच्यात खोट काढून दाखवा! पण आबा, त्याचं एक आहे. तो एकदा घराबाहेर पडला की परत येत नाही."

आबांनी सरांच्या खांद्यावर हात ठेवला. "ऱ्हाऊ द्या मंग. पोरं निघत्यात अशी. तुमी मनाला लावून घेऊ नगा." दुसऱ्या दिवशी त्यांनी सरांसाठी घरून वांग्याचं भरीत पाठवलं, आणि पुढे कितीतरी दिवस ते सरांशी दुखवट्याला आल्यासारखे हळू आवाजात बोलायचे.

आता मधल्याची अडचण सांगते. त्याचं कडं आमच्या सगळ्यात मोठ्या प्रेसपेक्षा मोठं होतं. रबर साच्यात घालून उष्णतेने आणि दाबाने भाजतात, आणि साचा प्रेसमध्ये मावला पाहिजे. हा मावत नव्हता. तेवढी मोठी प्रेस मागवायची तर येईपर्यंत काम हातातून गेलं असतं. सगळ्यांचं म्हणणं पडलं की पट्टी काढा आणि जोड द्या. आमचे शेठ, म्हणजे कंपनीचे मालक, तेही तेच म्हणाले. सरांनी जोडाचं कडं करून त्यांच्यासमोर पाण्याच्या दाबाखाली ठेवलं. बराच वेळ ते टिकलं. मग जोडाशी एक बारीक बुडबुडा आला आणि जरा वेळाने दुसरा.

"संपला विषय," शेठ म्हणाले. "प्रेस लहान, कडं मोठं. सर, आपण त्यांना कळवून टाकू की हे आमच्याकडून होत नाही. गाड्यांचं काम इतकं पडलंय, त्यात हे कुठे पुरं पडणार?"

"होत नाही असं कळवायचं? माझ्या सहीने?"

"मग माझ्या सहीने कळवू."

"चला माझ्याबरोबर," म्हणून सरांनी शेठना हाताला धरून कॅन्टीनच्या स्वयंपाकघरात नेलं. मी मागोमाग. तिथे बीडच्या मावशी भाकऱ्या थापत होत्या. त्यांची भाकरी परातीएवढी, तवा त्यामानाने लहान.

"मावशी, भाकरी तव्याबाहेर गेली तर काय करता?"

"फिरवायची. दुसरं काय करायचं?"

"दोन अर्ध्या करून जोडत नाही?"

मावशींनी सरांकडे असं पाहिलं, की शेठच हसले. "भाकर जोडतेत व्हय कुठं?"

"ऐकलंत?" सर शेठना म्हणाले. "कडं प्रेसमध्ये एकदम मावायला कशाला पाहिजे? अखंड कच्चं कडं करायचं. एक भाग साच्यात भाजायचा, मग सरकवायचं, पुढचा भाग भाजायचा. फिरत फिरत पूर्ण करायचं. बाहेर मोठ्या कारखान्यांत करतात असं. मी वाचलंय. मी अजून केलेलं नाही, एवढाच काय तो प्रश्न."

शेठ मालक असले तरी रबरातच वाढलेले होते. ते म्हणाले, "आणि भाजलेल्या भागाची कड परत साच्यात आली की ती करपणार. तिचं काय?"

"शाब्बास!" सर ओरडले. "तेच तर माझं काम."

शेठनी मागच्या बाजूची जुनी प्रेस दिली. गाड्यांच्या कामाला हात लावायचा नाही, आणि हे काम देणाऱ्या सरकारी प्रयोगशाळेचे अधिकारी पुढच्या भेटीला येतील तोवरच थांबणार, अशी अट घातली. अधिकारी आले आणि अखंड कडं दाखवता आलं नाही, तर काम परत.

सरांनी साच्याच्या दोन्ही टोकांना गार पाणी फिरवणाऱ्या नळ्या बसवल्या, म्हणजे मधला भाग भाजेल आणि कडा कच्च्याच राहतील. "आयुष्यात पहिल्यांदा पाण्याकडून काम करून घेतोय," असं ते येईल-जाईल त्याला सांगत होते. प्रेसवर मामा, रबराच्या मिश्रणाला मी, आणि सर सगळीकडे. पहिलं कडं निघालं, त्यावर ठरावीक अंतराने कडक पट्टे होते. सरांनी साच्याचं तापमान बदललं. दुसऱ्यात मऊ पट्टे आले. मग मिश्रण बदललं. तिसरं कडं दिसायला सुंदर होतं, पण ताणल्याबरोबर फाटलं. चौथंही फाटलं. एप्रिल सुरू झाला होता, पत्र्याच्या शेडमध्ये उभं राहवत नव्हतं, आणि अधिकारी येण्याचा निरोप येऊन पोचला होता.

पाचवं फाटलं तेव्हा सरांनी ते स्वतः कापलं. एक तुकडा दाताखाली धरला आणि बराच वेळ चावत राहिले. मग रबरात मिसळायच्या काजळीच्या पोत्यांवर, पांढऱ्या शर्टाची पर्वा न करता बसले.

"इंजिनियरबाई, आता माझं वय झालं बहुतेक."

त्यांच्या तोंडून असलं काही मी कधी ऐकलं नव्हतं. मी घाबरले. कापलेले तुकडे उचलून फाटलेली जागा बघत बसले. फाटलेलं प्रत्येक कडं शेवटच्या भागातच फाटलं होतं. सुरुवातीचा भाग प्रत्येक वेळी उत्तम. मी वर पाहिलं. प्रेसच्या बाजूला पुढच्या कड्याचं कच्चं रबर आपली पाळी यायची वाट बघत टांगलेलं होतं. वर तापलेला पत्रा, शेजारी प्रेसची धग. मी हात लावला तर ते कोमट नव्हतं, चांगलं गरम होतं.

"सर, हे साच्यात बिघडत नाहीये. बाहेर वाट बघतानाच अर्धवट भाजतंय. शेवटच्या भागाला सगळ्यात जास्त थांबावं लागतं."

सर उठले. रबराला हात लावला, मग गाल लावला. माझ्याकडे वळून म्हणाले, "हे मला सुचायला हवं होतं." सबंध नोकरीत हे वाक्य मी एकदाच ऐकलं. तेही अपुरंच, कारण प्रेसला एक फेरी मारून आल्यावर ते म्हणाले, "म्हणजे, संध्याकाळपर्यंत सुचलंच असतं."

त्या भागात गारवा कुठून आणायचा? शेडमध्ये एसी नव्हता. भिंतीपलीकडे शेठची केबिन होती, तिथे होता. सर काही न विचारता केबिनमध्ये गेले, स्टुलावर चढले आणि भिंत ठोकून बघू लागले. शेठ फोनवर गाड्यांच्या कंपनीशी बोलत होते. फोन संपेपर्यंत मामा छिन्नी-हातोडा घेऊन पोचले होते.

"सर, हे काय?"

"तुमचा एसी हवाय. भिंतीला भोक पाडून कापडी नळीने हवा पलीकडे नेतो. प्रेसभोवती प्लॅस्टिकचा तंबू करतो."

"आणि मी कुठे बसू?"

"आम्ही कुठे बसतो?"

शेठनी कपाळाला हात लावला, पण अडवलं नाही. पुढचे सगळे दिवस ते बनियनवर, पुठ्ठ्याने वारा घेत केबिनमध्ये बसायचे. भेटायला येणाऱ्यांना "दुरुस्ती चाललीय" म्हणून सांगायचे. आणि मधून मधून तंबूत येऊन उभे राहायचे. कामाची चौकशी करायला येतो म्हणत. येत होते गारव्याला.

तंबूत झालेलं पहिलं कडं मामांनी आणि मी दोन्हीकडून धरून ताणलं. ते फाटलं नाही. अजून दोन माणसं लावली. तरी फाटलं नाही. सरांनी अंगठा दाबत सबंध कड्याला एक प्रदक्षिणा घातली, पुन्हा सुरुवातीच्या जागी आले, आणि एवढंच म्हणाले, "बरोबर." मग मात्र त्यांना राहवलं नाही. दिवसभर ते ज्याला त्याला पकडून आणत होते आणि म्हणत होते, "जोड शोध!"

अधिकारी आले तेव्हाही हेच. आलेल्यांतले मुख्य अधिकारी मूळचे विदर्भातले होते, शांत, बारीक नजरेचे. कडं टेबलावर ठेवलं होतं. त्यांनी दोन्ही हातांनी चाचपलं.

"जोड कुठं आहे याचा?"

"शोधा," सर म्हणाले.

मी सरांच्या पायावर पाय दिला. त्यांनी तो काढून घेतला. अधिकाऱ्यांनी भिंग मागितलं, दिवा मागितला. त्यांच्याबरोबरचे लोकही वाकले. पूर्ण कडं बघून झालं. पुन्हा बघायला लागले. सर मागे हात बांधून वरासारखे उभे. शेवटी अधिकाऱ्यांनी एका जागी खडूने खूण केली. "इथं असावा. इथं चमक जराशी वेगळी वाटून राहिली."

"कापा," सर म्हणाले.

शेठ खुर्चीतून अर्धे उठले. पण आमच्याकडे तोवर आणखी कडी तयार होती. खुणेच्या जागचा तुकडा कापला आणि दुसरीकडचेही कापले. सगळे यंत्रात घालून तुटेपर्यंत ताणले. खुणेचा तुकडा इतरांएवढाच टिकला, किंचित जास्तच. अधिकारी यंत्राकडे आणि सरांकडे आळीपाळीने बघत म्हणाले, "तुम्ही हे केलं कसं, सर?"

"भाकरीसारखं," सर म्हणाले, आणि त्यांना कॅन्टीनमध्ये घेऊन गेले. जेवणात त्या दिवशी तीच होती. अधिकाऱ्यांनी मावशींकडे भाकरी मागून घेतली आणि तिचीही कड निरखून पाहिली.

कडी गेली. प्रयोगशाळेच्या चाचण्या पार पडल्याचं एका ओळीत कळलं. आणि मग काहीच नाही. आम्ही परत दारांच्या पट्ट्यांकडे वळलो. शेठच्या भिंतीचं भोक बुजवलं. सरांचं वय निवृत्तीला आलं, शेठनी त्यांना जाऊ दिलं नाही. सरांनाही जायचं नव्हतंच. मधल्याचं नाव ते काढत नसत, पण कधी कधी प्रेससमोर उभे राहून आपल्याशीच पुटपुटत, "निघाला का नाही अजून?"

तो निघाला ते आम्हाला टीव्हीवरूनच कळलं. दुपारची जेवणं चालली होती. पडद्याच्या तळाशी सरकणाऱ्या पट्टीत बातमी आली. बंगालच्या उपसागरात पाणबुडीतून लांब पल्ल्याच्या क्षेपणास्त्राची चाचणी यशस्वी, असं काहीसं. कुणीतरी आवाज वाढवला. सगळं कॅन्टीन टाळ्या वाजवायला लागलं. आबांनी कप खाली ठेवून सरांना हलवलं. "बघा सर, लोकं काय काय करत्यात! पाण्यातनं वर आभाळात! आन् आपण हितं दरवाज्याची रबरं करतोय."

"व्हय, आबा," सर म्हणाले.

मामा आणि मी एकमेकांकडे बघत होतो. मी सरांकडे वाकून हळूच म्हणाले, "सर, मधला!"

"ऐकलं."

"मग?"

"मग काय? तो उडाला हे कळलं. नळीत काय होतं ते कुठे कळलंय? थोडं पाणी आत येऊनही एखादा उडून जाईल. पुढचा नाही उडणार." त्यांनी ताक संपवलं, ताट उचललं आणि निघाले.

दुपारभर ते कुठेही टेकले नाहीत. शेडच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरत होते. ठीक असलेला नळ त्यांनी उघडून पुन्हा बसवला. मिश्रणाचा रिपोर्ट घेऊन मी दोनदा गेले, दोन्ही वेळा न वाचता सही केली. चहाची गाडी फिरून गेली, आबा दुसरा चहा पिऊन घरी निघाले. प्रेस दणदण चालू होत्या. आणि मग सरांचा मोबाइल वाजला.

त्यांनी एक कान बोटाने दाबला आणि दुसऱ्याला फोन लावला. "कोण? हां, हां. बोला साहेब." ते विदर्भातले अधिकारी होते. सर ऐकत होते. "हो… हो… प्रेस चालू आहे हो, परत सांगा." पुन्हा ऐकलं. "परत सांगा," ते पुन्हा म्हणाले. मला कळलं की या वेळी त्यांना ऐकू आलं होतं.

फोन खिशात टाकून ते मामांकडे गेले. "प्रेस थांबवा."

"ही?"

"सगळ्या."

चालू प्रेस थांबवणं म्हणजे आतला माल वाया. त्यावरून सरांनी माणसं कामावरून काढली होती. मामांनी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि एकेक बटण दाबत गेले. शेडमध्ये मी कधी न ऐकलेली शांतता झाली. पत्र्यावर चिमण्या फिरतायत तेसुद्धा ऐकू येत होतं. सगळीकडची माणसं कामावरून मान वर करून बघत होती. सर माल ठेवायच्या एका लाकडी फळीवर चढले. बोलायला तोंड उघडलं, आणि त्यांच्या लक्षात आलं असावं की काहीच बोलायची परवानगी नाही. क्षेपणास्त्र म्हणायचं नाही, पाणबुडी म्हणायची नाही, कडं कुठे लागलं ते म्हणायचं नाही. जन्मभर स्वतःची टिमकी वाजवलेला माणूस, आणि आज वाजवायची वेळ आली तर शब्द नाही.

मग त्यांनी दोन्ही हात वर केले आणि सगळा जोर लावून ओरडले, "कोरडं!"

मामांनी डोक्यावरची टोपी काढून वर फेकली. जुन्या प्रेसवर ज्यांनी ज्यांनी कडं धरलं होतं ते सगळे ओरडले. मीही ओरडले. लातूर सोडल्यापासून मी एवढ्या मोठ्याने ओरडले नव्हते. गाड्यांच्या पट्ट्यांवरच्या मुलांना कशाचा कशाला पत्ता नव्हता, पण आम्हाला बघून त्यांनीही शिट्ट्या मारल्या, पत्रे बडवले. मावशी पिठाच्या हाताने दारात येऊन उभ्या राहिल्या. "काय झालं गं? काय कोरडं?" शेठ केबिनमधून धावत आले.

"प्रेस का बंद? काय झालं? आग लागली का?"

"कोरडं हाय, शेठ!" मामा त्यांच्या गळ्यातच पडले. "आत सगळं कोरडं व्हतं! सगळं!"

शेठ जागच्या जागी थांबले. मग त्यांनी सरांना कमरेला धरून फळीवरून उचललं. सर हवेत पाय झाडत होते, "पाडाल, पाडाल," म्हणत होते, आणि मधूनच "बरोबर! बरोबर!" असं ओरडत होते. त्यांना खाली ठेवल्यावर शेठ भिंतीशी गेले आणि पाळी सुटल्याचा भोंगा दाबला. भलत्याच वेळी भोंगा वाजला म्हणून बोळातल्या दोन्ही कारखान्यांतली माणसं बाहेर आली. आबा गाडी वळवून परत आले. आमच्या गेटवर गर्दी झाली आणि जो तो विचारू लागला, काय झालं, अरे काय झालं? सांगता तर आम्हाला काहीच येत नव्हतं. म्हणून आम्ही नुसतेच ओरडत राहिलो, आणि सगळ्यांत मोठा आवाज सरांचा होता.